पासवर्ड दिला, आता वाचायलाही शिकवा

जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि पहिल्या आठवड्यातच पालकांच्या हाती एक चिठ्ठी येते: ॲपचं नाव, युजरनेम, पासवर्ड, खाली शाळेचा शिक्का. चाचणीचे गुण, हजेरी, गृहपाठ, वर्गशिक्षकांचा शेरा हे सगळं आता ॲपवर दिसेल, वेळोवेळी पाहत जा, एवढीच सूचना. नाशिकच्या गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागांत हे केव्हाच रुळलंय. सिडको, सातपूर, नाशिकरोडकडेही वाढतंय. चिठ्ठी दिली की आपलं काम झालं, असं बऱ्याच शाळा धरून चालतात. मला ते मान्य नाही. मुलाचं शिकणं कुठे अडलंय हे कळण्याची ज्या घराला सर्वांत जास्त गरज आहे, नेमक्या त्याच घरात हे ॲप उघडलं जात नाही, आणि उघडलं तरी वाचता येत नाही. ते वाचायला शिकवणं हे शाळेचं काम आहे.

कायद्यानेही ते शाळेवरच टाकलंय. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. पालकांच्या नियमित सभा घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, शिकण्यातली प्रगती यांची माहिती त्यांना द्यायची, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतीपत्रकाची कल्पना मांडली, तेव्हाही हे पत्रक घर आणि शाळा यांना जोडणारा दुवा असेल आणि त्याच्या जोडीला पालक-शिक्षक भेटी होतील, असंच म्हटलं. म्हणजे नोंद आणि बोलणं ही दोन्ही बरोबरच धरलेली आहेत. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी उलट झालं. ॲप आलं आणि बोलणं आटलं. वर्गशिक्षकांना भेटायला गेलेल्या आईला "ताई, ॲपवर टाकलंय सगळं, बघून घ्या" असं सांगून परत पाठवलं जातं.

आता अंबडच्या कामगार वस्तीतलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. वडील कारखान्यात, एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड, मग नाईट. प्रवेशाच्या अर्जावर नंबर लिहिला तो वडिलांचा. ओटीपी येतो त्याच नंबरवर, आणि त्या वेळी ते मशीनवर असतात किंवा रात्रपाळी करून झोपलेले असतात. आईच्या फोनवर ॲप नाही. काही घरांत तर रिचार्ज न केल्याने जुनं सिम बंद पडलेलं असतं आणि नवा नंबर शाळेला कुणी कळवलेला नसतो. मग ॲप उघडतो मुलगाच. ज्याचे गुण पाहायचे, तोच ते आईला वाचून दाखवतो. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला आपण किती अवघड जागी उभं करतो याचा कुणी विचार करत नाही. खरं वाचलं तर बोलणी बसणार, लपवलं तर खोटारडा ठरणार. या सगळ्या व्यवस्थेत मला हाच सर्वांत मोठा अन्याय वाटतो, मुलावरही आणि आईवरही.

'असर' या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या अहवालांनुसार ग्रामीण भारतात शाळकरी मुलांच्या घरांपैकी स्मार्टफोन असलेली घरं 2018 मध्ये 36.5 टक्के होती, 2022 मध्ये ती 74.8 टक्के झाली. हा आकडा दाखवून 'आता प्रत्येकाकडे फोन आहे' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. चारातलं एक घर तेव्हाही बाहेर होतं हे ते सोडून देतात. आणि घरात फोन असणं म्हणजे आईच्या हातात फोन असणं नव्हे, हेही.

समजा, फोन हातात आला आणि ॲप उघडलं. समोर काय दिसतं? बरीचशी ॲपं इंग्रजीत. चाचणीपुढे 'एबी' आलं की घरचे ती श्रेणी समजतात; खरं तर मूल त्या दिवशी गैरहजर होतं. चौकोन रिकामा असेल तर मुलाला काही मिळालं नाही, की त्याने वहीच दिली नाही, की बाईंनी गुण अजून भरलेले नाहीत? अगदी वेगवेगळ्या गोष्टी, पण पडद्यावर सारख्याच दिसतात. '12' असा आकडा दिसतो; तो 15 पैकी आहे की 25 पैकी, हे पाहायला आणखी एकदा दाबावं लागतं. इतकं करून शाळेच्या फीची आठवण मात्र बिनचूक, ठळक अक्षरांत, तारखेसह येते. शाळेने मनावर घेतलं तर माहिती पोहोचते, याचा पुरावा म्हणूनच मी ते सांगतो.

खरी अडचण याच्याही खाली आहे. आपली मूल्यमापनाची पद्धतच पालकांना कुणी कधी नीट समजावून सांगितलेली नाही. 2010 च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. वर्गातलं काम, तोंडी, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय हे आकारिक; सत्राच्या शेवटची परीक्षा ती संकलित. त्यांचं वजन इयत्तेगणिक बदलतं: पहिली-दुसरीला आकारिक 70 आणि संकलित 30, तिसरी-चौथीला 60 आणि 40, पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं, सातवी-आठवीला 40 आणि 60. या बदलाचा घरात काय परिणाम होतो पाहा. चौथीत अ-२ मिळवणारी मुलगी सातवीत ब-१ किंवा ब-२ वर येते आणि 'पोरगी मोबाइलने बिघडली' असा निकाल घरात लागतो. ती पूर्वीइतकंच करत असते. वर्गात बोलते, प्रकल्प नीटनेटका करते. बहुतांशी लेखी असलेल्या संकलित परीक्षेचं वजन मात्र 40 वरून 60 वर गेलेलं असतं आणि लिहिण्याच्या वेगात ती मागे पडत असते. तिला गरज असते रोज पानभर लिहायच्या सरावाची, आणि मिळते शिक्षा. ॲपवर दोन्ही वर्षांच्या श्रेणी व्यवस्थित नोंदवलेल्या असतात. त्या दोन श्रेणींच्या मध्ये काय घडलं, हे मात्र कुणीतरी बसून सांगावं लागतं.

नववी-दहावीत हाच घोळ वेगळ्या रूपात येतो. राज्य मंडळाच्या गणितात भाग एकचे (बीजगणित) 40, भाग दोनचे (भूमिती) 40 आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 20. अंतर्गतचे गुण सहसा सढळ हाताने दिले जातात. पालकांना पडद्यावर 20 पैकी 18 दिसतात, बरं वाटतं. दोन ओळी खाली भूमितीचे 40 पैकी 11 असतात, तिथवर बोट जात नाही; गेलं तरी हे दोन आकडे एकाच विषयाचे आहेत हे लक्षात येत नाही. सीबीएसईच्या दहावीतही 80 आणि 20 अशीच विभागणी आहे आणि तिथेही त्या 20 गुणांमुळे अशीच फसगत होते. शिवाय 2023-24 पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होणं पुन्हा आवश्यक झालंय. नापास झालं तर पुनर्परीक्षा, तीही जमली नाही तर त्याच वर्गात राहायचं. आठवीतल्या मुलाचं इंग्रजी सप्टेंबरपासून घसरतंय हे त्याच्या घरच्यांना एप्रिलमध्ये कळून काय उपयोग?

यावर एक उत्तर हमखास मिळतं: पालकच उदासीन आहेत, शिकलेले नाहीत, त्यांना हे जमणार नाही. मला या उत्तराची चीड येते. निफाड-चांदवडकडचा शेतकरी सकाळी लासलगाव बाजार समितीचा कांद्याचा भाव फोनवर पाहतो. किमान, कमाल, सरासरी हे तीन आकडे वाचून आज ट्रॅक्टर भरायचा की दोन दिवस थांबायचं हे तो ठरवतो, आणि त्या निर्णयावर त्याचं वर्षाचं गणित अवलंबून असतं. आकडे वाचणं त्याला येतं. तो भाव मराठीत येतो, आपणहून येतो, आणि त्यावरून पुढे काय करायचं हे त्याला ठाऊक असतं. शाळेच्या ॲपमध्ये या तिन्ही गोष्टी नाहीत. मग उणीव कुणाची?

माहिती आपणहून पोहोचली तर फरक पडतो, हे जगात तपासून झालेलं आहे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या 22 शाळांमध्ये, शिक्षक ऑनलाइन गुणनोंदीत जे भरत होते त्यातूनच पालकांच्या फोनवर आपोआप संदेश जातील अशी सोय केली: आठवड्यात किती तास बुडवले, किती गृहपाठ दिले नाहीत, कुठल्या विषयात गुण घसरले. विषयांत नापास होण्याचं प्रमाण 28 टक्क्यांनी कमी झालं, तासांची हजेरी 12 टक्क्यांनी वाढली. प्रमाणित चाचण्यांच्या गुणांत मात्र सुधारणा दिसली नाही, हेही सांगायला हवं. संदेशाने मूल वर्गात येतं, वही देतं, पण शिकवणं ते वर्गातच होतं. तिथेही पालकांना पोर्टल आधीपासून खुलं होतं. नुसतं खुलं असण्याने हे झालेलं नव्हतं, संदेश गेला तेव्हा झालं. चिलीची राजधानी सांतियागो इथे कमी उत्पन्नाच्या वस्तीतल्या शाळांनी हजेरी, वर्तन आणि गणिताचे गुण पालकांना साध्या एसएमएसने कळवले. तिथे गणिताचे गुण आणि हजेरी दोन्ही सुधारले. साधा एसएमएस म्हणजे की-पॅडच्या फोनवरही येणारा. आपल्या सुरगाणा-पेठच्या डोंगरात जिथे इंटरनेटची रेंज धरत नाही, तिथेही तो उशिरा का होईना पोहोचतो.

मग नाशिकमधल्या शाळेने नेमकं काय करायचं? माझ्या मते पहिली गोष्ट म्हणजे पालकांना सोबत बसवून शिकवायचं. सभागृहात दोनशे जण जमवून पडद्यावर सादरीकरण दाखवणं म्हणजे शिकवणं नव्हे. त्यातून फोटो निघतात. एका वेळी वीस-पंचवीस पालक, प्रत्येकाच्या हातात स्वतःचा फोन, आणि उघडायचं स्वतःच्या मुलाचं पान. आधी हजेरी पाहायची, कारण घसरण बहुतेक वेळा तिथून सुरू होते. मग गुण कधी भरले ती तारीख. मग कितीपैकी किती. एका चाचणीवरून काहीच ठरवायचं नाही. एकाच विषयाच्या तीन चाचण्या एकाखाली एक वाचायच्या आणि चढ आहे की उतार एवढंच पाहायचं. रिकामा चौकोन दिसला तर मुलाला रागावण्याआधी शाळेला विचारायचं. वर्गाची सरासरी आणि पहिला नंबर कुणाचा, हे पाहूच नका असं मी स्पष्ट सांगेन. शेजारच्या मुलाचे गुण कळून स्वतःच्या मुलाचा अपूर्णांक सुधारत नाही.

आणि यानंतरची पायरी, जी सगळीकडे राहून जाते: शिक्षकांना काय विचारायचं हे पालकांना शिकवणं. "सर, मार्क कमी का पडले?" या प्रश्नाला "अभ्यास कमी पडतोय" याच्या पलीकडे उत्तर येत नाही. "सर, त्याला यातलं नेमकं काय येत नाही?" असं विचारलं की शिक्षकही थांबून विचार करतात. बेरीज-वजाबाकी येते पण छेद वेगळे असले की अडतो. उतारा वाचतो पण उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहीत नाही. असं नेमकं कळलं तर चौथी शिकलेली आईसुद्धा घरी रोज दहा मिनिटं मुलाला समोर बसवून ते काढून घेऊ शकते. तिला गणित यायला हवं असं नाही. 'मला समजावून सांग' एवढं म्हणता आलं तरी पुरतं.

वेळेचाही विचार करा. प्रथम सत्राची परीक्षा ऑक्टोबरच्या सुमाराला होते, त्यानंतर निकालाची सभा. दिंडोरी-निफाडकडे त्याच वेळी द्राक्षांची गोडी छाटणी चाललेली असते, जानेवारीपासून काढणी. पालक तेव्हा बागेत असतात. दिवाळीनंतर सुरगाणा-पेठची कुटुंबंच्या कुटुंबं या बागांत मजुरीला उतरतात, मुलं कधी आजीजवळ गावात, कधी सोबत. त्यांच्यासाठी सकाळी अकराची सभा ठेवून 'पालक येत नाहीत' असा शेरा इतिवृत्तात लिहिणं बरं नाही. सभा संध्याकाळी वस्तीवर घेता येते. सिडकोत शिफ्टप्रमाणे दोन वेळा ठेवता येतात. भाषाही त्यांचीच हवी: सिडकोत धुळे-सटाण्याकडून आलेली कितीतरी अहिराणी बोलणारी घरं आहेत, मालेगावात उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, पश्चिम पट्ट्यात कोकणी आणि भिल्ली बोलणारे पालक आहेत. दोन मिनिटांचा आवाजी संदेश त्यांच्या बोलीत केला तर त्याला खर्च तो किती? याच शहरात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून कामावर जाणाऱ्या माणसांना दुरून शिकवतंय. गुणनोंद कशी वाचावी याचे छोटे आवाजी पाठ त्यांनी आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने मिळून तयार करावेत, अशी माझी जाहीर विनंती आहे.

शिक्षकांचं म्हणणंही ऐकायलाच हवं, आणि त्यात तथ्य आहे. सरल आणि यू-डायस या सरकारी पोर्टलांवरची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, अपार ओळखक्रमांक, शिष्यवृत्तीचे अर्ज, वर निवडणुकीची कामं. त्यात शाळेचं खासगी ॲप. तेच गुण आधी वहीत, मग संगणकावर, मग ॲपवर. साठ मुलांच्या वर्गाचे सहा विषयांचे गुण भरायला बसलेल्या बाईंना आणखी 'प्रत्येक मुलासाठी शेरा लिहा' सांगणं म्हणजे त्यांच्याकडून 'प्रगती समाधानकारक' हे दोन शब्द साठ वेळा चिकटवून घेणं. म्हणून माझी मागणी रोज गुण भरण्याची नाही. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. नोंद एकदाच भरायची आणि तीच सगळीकडे जायची, ही अट ॲप विकत घेताना घालायला हवी. शेरा दहाच मुलांना लिहा, ज्यांची घसरण दिसते त्यांना, पण खरा लिहा. त्यासाठी पंधरवड्यातून एक मोकळी तासिका वेळापत्रकातच द्या.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. प्रत्येक चाचणीचे गुण लगोलग फोनवर येऊ लागले तर काही घरांत मुलांना रोज मार बसेल. हे खरं आहे, आणि ते डोळ्याआड करून या विषयावर बोलणं बेजबाबदारपणाचं होईल. दमून आलेल्या बापाच्या हातात रात्री दहाला '20 पैकी 6' असा आकडा पडला की पुढे काय होतं हे शिक्षकांनाही ठाऊक असतं. म्हणून गुण आधी मुलाला वर्गात कळावेत, त्याची उत्तरपत्रिका त्याच्या हातात यावी, कुठे चुकलं ते त्याला दिसावं, आणि दोन दिवसांनी ते घरी जावेत. आठवड्यातला एक दिवस ठरवून, मूल शेजारी बसलेलं असताना ॲप उघडावं, त्याच्या माघारी नाही. नववी-दहावीच्या मुलांनी तर स्वतःच घरच्यांना दाखवावं. त्यांना तेवढा मान द्यायला हवा. पालकांच्या बैठकीत 'मारू नका' हे वाक्य शिक्षकांनी मोकळेपणाने बोलायलाच हवं. नोंद वाचायला शिकवणं आणि ती वाचून कसं वागायचं हे शिकवणं, ही दोन कामं वेगळी करता येत नाहीत.

आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्या मुलांच्या गुणांची यादी टाकणं आजच थांबवा. सोय म्हणून हे सर्रास चालतं. कुणाला किती पडले हे अख्ख्या सोसायटीला कळतं आणि यादीतलं शेवटचं नाव ज्या मुलीचं असतं ती दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी राहते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलंय आणि त्याच्या माहितीची विशेष काळजी घ्यायला सांगितलंय. ॲप बनवणाऱ्या कंपनीकडे मुलाचे गुण, फोटो, पत्ता, आधार यातलं काय काय जातं, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. मुख्याध्यापकांना त्याचं उत्तर देता आलं पाहिजे.

हे सगळं मागायची जागा पालकांकडे आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. खासगी शाळांत 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ आलाय. या बैठकांत गणवेश, सहल, फी यांवर तास न् तास बोलणं होतं. ऑनलाइन गुणनोंद किती पालकांनी गेल्या महिन्यात एकदा तरी उघडली, हा आकडा ॲप चालवणाऱ्याकडे तयार असतो. तो दर बैठकीत मागा. ज्यांनी उघडली नाही त्यांना दोष न देता वर्गशिक्षकांनी किंवा शेजारच्या पालकाने एक फोन करावा आणि सोबत बसून एकदा उघडून दाखवावी. आईचा नंबर नोंदीत पहिला लिहून घ्या. पुढच्या वर्षीचा करार करताना मराठी पडदा, साध्या फोनवर जाणारा एसएमएस आणि 'गैरहजर', 'गुण भरायचे आहेत', 'वही दिली नाही' अशा वेगवेगळ्या स्पष्ट नोंदी या अटी लेखी घाला. त्या मान्य नसतील तर दुसरी कंपनी पाहा.